चेकियात राहून रोमा मुलांसोबत खेळ आणि कलेचं काम करायचंय? सुरुवात कशी करायची ते सविस्तर

ब्रनोत किंवा प्रागमध्ये नोकरीला, शिकायला आलेल्या मराठी लोकांपैकी कुणी ना कुणी मला अधूनमधून मेसेज करतं, की तू रोमा मुलांसोबत शनिवारी फुटबॉल आणि गाण्याचं काहीतरी करतेस ना, मला पण यायचंय, कुठे जायचं, काय कागद लागतात, चेक भाषा येत नाही तर चालेल का. दरवेळी वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहून काढते. मी ब्रनोत राहते त्यामुळे उदाहरणं जास्त इथलीच येतील, पण प्राग, ओस्ट्रावा किंवा शेजारी स्लोव्हाकियात असाल तरी बरंचसं लागू पडेल.

१. जायच्या आधी थोडं वाचा

हे लोक टाळतात आणि मग तिथे जाऊन नको ते प्रश्न विचारतात. रोमा हा युरोपातला सगळ्यात मोठा अल्पसंख्य समाज आहे, अख्ख्या युरोपात अंदाजे १ कोटी ते १ कोटी २० लाख लोक, त्यातले साधारण ६० लाख ईयूमध्ये. चेकियात अडीच लाखाच्या आसपास असतील असा सरकारी अंदाज. ईयूच्या मूलभूत हक्क संस्थेने २०२१ मध्ये काही देशांत सर्व्हे केला होता, त्यात रोमा लोकांपैकी ८० टक्के गरिबीच्या धोक्यात निघाले.

पण आकड्यांपेक्षा तीन गोष्टी डोक्यात ठेवा, कारण आईवडील तुमच्याकडे संशयाने का बघतात ते त्यातून कळतं. पहिली, दुसऱ्या महायुद्धात बोहेमिया आणि मोराव्हियातले (म्हणजे आजच्या चेकियातले) जवळपास ९० टक्के रोमा मारले गेले, लेती आणि होडोनीन इथे त्यांना डांबायचे कॅम्प होते, लेतीच्या कॅम्पच्या जागेवर तर पुढे कित्येक दशकं डुकरांचा फार्म चालू होता, तो पाडून तिथे स्मारक उघडायला २०२४ उजाडलं. आज इथे दिसणारी बहुतेक कुटुंबं युद्धानंतर स्लोव्हाकियातून आलेल्यांची. दुसरी, रोमा बायकांची त्यांच्या खऱ्या संमतीशिवाय नसबंदी केली गेली आणि भरपाईचा कायदा झाला तो २०२१ मध्ये. तिसरी गोष्ट शाळेची. ओस्ट्रावातल्या १८ रोमा मुलांना मतिमंद मुलांसाठीच्या स्पेशल शाळांत टाकलं होतं, ती केस स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये कोर्टाने हा भेदभाव आहे असा निकाल दिला. म्हणजे डॉक्टर, शाळा, सरकारी माणूस, या तिघांवरही विश्वास बसू नये असं बरंच घडून गेलंय आणि ते फार जुनं नाहीये. तुम्ही फॉर्म घेऊन सही मागायला जाल तेव्हा हे आठवा.

ब्रनोत असाल तर ब्रातिस्लाव्स्का रस्त्यावरचं रोमानी संस्कृतीचं म्युझियम एकदा तरी निवांत बघा, १९९१ मध्ये स्वतः रोमा लोकांनी पुढाकार घेऊन उभं केलेलं आहे. त्याच रस्त्याबद्दल ऑफिसमधले लोक तुम्हाला सांगतील की तिकडे जाऊ नकोस, एरिया खराब आहे. दिवसाढवळ्या जा, म्युझियम बघा, आजूबाजूला फिरा, मग स्वतःच ठरवा.

आणि हो, स्वतःबद्दल एक. आपल्या रंगामुळे इथे बऱ्याचदा आपल्यालाच रोमा समजतात, दुकानात गार्ड मागे मागे फिरतो, ट्राममध्ये शेजारची बाई पर्स जवळ ओढते. वाईट वाटतं. पण "मी रोमा नाही, मी इंडियन इंजिनियर आहे" असं सांगून सुटका करून घेऊ नका, विशेषतः मुलं सोबत असताना तर अजिबात नाही, त्यांना तो अर्थ लगेच कळतो.

२. कुठे जायचं

स्वतः बॉल घेऊन वस्तीत जाऊन उभं राहायचं नाही. आधीपासून काम करणारी संस्था शोधायची. तीन प्रकारची ठिकाणं आहेत.

पहिलं म्हणजे नीझ्कोप्राख, मुलांचे आणि तरुणांचे मोकळे क्लब. सामाजिक सेवा कायद्याखाली चालतात, ६ ते २६ वयाची मुलं येऊ शकतात, फुकट असतं, नाव नोंदवायची सक्ती नसते, कधीही यायचं कधीही जायचं. टेबल टेनिस, बॉक्सिंग बॅग, गिटार, कॉम्प्युटर, असं काहीतरी तिथे असतंच. नवीन माणसासाठी हीच जागा सगळ्यात बरी, कारण मुलं आधीच तिथे असतात आणि ट्रेन झालेले वर्कर्स बाजूला असतात.

दुसरं, मोठ्या संस्था. ब्रनोत आयक्यू रोमा सर्व्हिस आणि द्रोम, ओस्ट्रावात व्झायेम्ने सोउझिती, प्रागमध्ये स्लोवो २१, जे दर मे महिन्यात खामोरो हा रोमा फेस्टिव्हल भरवतात. चलोवेक व तीस्नी ही तर देशभर आहे. यांच्या वेबसाइटवर स्वयंसेवकांसाठी वेगळं पान असतं किंवा कोऑर्डिनेटरचा ईमेल असतो. इंग्रजीत लिहिलं तरी उत्तर येतं, पण खाली दोन ओळी चेकमध्ये टाका, कुणाकडून तरी तपासून घ्या.

तिसरं, तरुण रोमा लोकांची स्वतःची नेटवर्क्स, जसं की तेर्निपे, किंवा बुडापेस्टमधलं फिरेन अमेन्का, जिथे रोमा आणि बिगर-रोमा तरुण एकत्र स्वयंसेवा करतात. वय ३० च्या आत असेल तर हे बघाच.

संस्था निवडताना माझा एकच निकष, तिथे पगारावर काम करणारे रोमा लोक आहेत का, आणि असले तर ते निर्णय घेतात की फक्त दारात उभे असतात. पहिल्या भेटीतच विचारा, विचारण्यात काही चुकीचं नाही.

३. कागदपत्रं

- पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड.
- चेक पोलीस रेकॉर्डचा उतारा, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नाही याचा दाखला. पोस्टात किंवा नगरपालिकेच्या ऑफिसात चेकपॉइंट नावाचं काउंटर असतं तिथे फी भरून लगेच मिळतो. तीन महिन्यांपेक्षा जुना सहसा चालत नाही, त्यामुळे संस्थेने सांगितल्यावरच काढा.
- भारतातला पोलीस क्लिअरन्स. नुकतेच आला असाल तर हा मागू शकतात. प्रागच्या भारतीय दूतावासातून अर्ज करता येतो, वेळ लागतो, म्हणून हा आधी सुरू करा. कोर्टाने मान्यता दिलेल्या भाषांतरकाराकडून चेक भाषांतर लागेल का हे संस्थेला विचारून घ्या, उगाच खर्च नको.
- स्वयंसेवकाचा करार. चेकियात २००२ चा स्वयंसेवा कायदा आहे, गृहमंत्रालयाची मान्यता असलेली संस्था तुमच्याशी लेखी करार करते आणि तुमचा विमा काढते. करार नाही, विमा नाही, "ये रे असाच" म्हणाले तर थांबा. खेळात मुलाचा हात मोडला किंवा तुमच्याकडून कुणाची खिडकी फुटली तर हाच कागद कामाला येतो.
- प्रथमोपचाराचा छोटा कोर्स केला असेल तर सर्टिफिकेट, नसेल तर करून घ्या.

वर्क परमिटवर असाल तर बिनपगारी कामाबद्दल आणि प्रवासखर्च परत मिळण्याबद्दल तुमच्या एचआरला आणि संस्थेला दोघांनाही आधी विचारा. मानधन म्हणून पैसे घेण्याच्या आधी तर नक्कीच.

४. भाषेचं काय

चेक लागतेच. अस्खलित नको, पण "पास दे", "थांब", "दुखतंय का", "कोण जिंकलं", "घरी कोण आहे", "उद्या येणार?" एवढं तरी यायला हवं. पन्नासएक वाक्यं पाठ करून गेलात तरी मुलं पुढचं शिकवतात, आणि शिकवताना त्यांना मजा येते कारण एरवी त्यांनाच सगळे शिकवत असतात. तरुण मुलांपैकी बरीच घरात चेकच बोलतात, रोमानी समजते पण बोलत नाहीत, त्यामुळे "तुला तुझी भाषा येत नाही?" असं विचारू नका.

रोमांसाठी वापरला जाणारा त्सिकान हा चेक शब्द किंवा जिप्सी, हे अपमानास्पद आहेत, तुमच्या तोंडून नकोत. मुलं आपसात काहीही म्हणतील, तो त्यांचा प्रश्न.

५. पहिले दोन-तीन महिने फक्त हजर राहा

हे सगळ्यात अवघड जातं आपल्याला, कारण आपल्याला लगेच काहीतरी करून दाखवायचं असतं. वर्कशॉप घ्यायचं, स्पर्धा भरवायची, लेझीम शिकवायची. थांबा. या मुलांनी किती स्वयंसेवक बघितलेत याचा हिशोब नाही, सेमिस्टर संपलं की विद्यार्थी गायब, प्रोजेक्ट संपला की बॅनर गायब. म्हणून एकच वार, एकच वेळ ठरवा आणि त्या वेळेला जा. पाऊस असो, मुलं चार येवोत की चौदा. महिन्यातून दोनदाच जमणार असेल तर दोनदाच सांगा, पण ते दोनदा पाळा. येणार नसाल तर आधी कळवा, आणि कोऑर्डिनेटरसोबत मुलांनाही कळवा.

या काळात बघत राहा, की कोण काय खेळतं, कोण कडेला बसतं, कोणता मोठा मुलगा किंवा मुलगी आहे जिचं बाकीचे ऐकतात. पुढचं सगळं काम त्या मुलासोबत किंवा मुलीसोबत करायचंय.

६. खेळ: गल्लीतून क्लबपर्यंत

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते खरं काम इथे आहे आणि बहुतेक उपक्रम याच्या अलीकडेच थांबतात. फक्त रोमा मुलांची टीम करून त्याच वस्तीतल्या मैदानावर वर्षानुवर्षं खेळवत राहणं सोपं आहे, फोटो पण छान येतात, पण शहरातल्या बाकीच्या मुलांशी त्यांची गाठ पडत नाही. वस्तीतलं मैदान सुरुवातीला हवंच, ते घरचं मैदान आहे. त्याच्यापुढे ज्याला जायचंय त्याला शहरातल्या नेहमीच्या क्लबमध्ये जागा मिळाली पाहिजे, आणि तिथे तो टिकला पाहिजे.

टिकत का नाहीत याची कारणं खूप साधी असतात. क्लबची फी सहामाही एकदम मागतात, तिचे हप्ते करून मिळतात का किंवा माफ होते का हे कुणीतरी ट्रेनरला जाऊन विचारावं लागतं, आईवडील विचारायला लाजतात. नोंदणीला डॉक्टरचा फिटनेसचा कागद लागतो, आणि काही मुलांचा मुलांच्या डॉक्टरकडे नियमित संपर्कच नसतो. शनिवार-रविवारी सकाळी बाहेरगावी मॅच, बाकीच्या मुलांना बाबा कारने सोडतात, याच्या घरी कार नाही. हिवाळ्यात खेळ हॉलमध्ये जातो आणि हॉलमध्ये वेगळे, खाली काळे डाग न पाडणारे बूट लागतात, ते नाहीत म्हणून मुलाला दारातून परत पाठवतात आणि तो पुन्हा येत नाही. आम्ही संस्थेत वेगवेगळ्या मापाच्या वापरलेल्या बुटांची पेटीच ठेवलीय, ऑफिसमधल्या लोकांच्या मुलांचे लहान झालेले बूट गोळा करून. हे काम मराठी ग्रुपमध्ये एक मेसेज टाकून होण्यासारखं आहे.

शिवाय घरं बदलतात. बरीच कुटुंबं उबितोव्ना म्हणतात तसल्या वसतिगृहांत एका खोलीत राहतात, भाडं वाढलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुलगा दोन आठवडे आला नाही तर "इंटरेस्ट नाही" असं लिहून टाकू नका, आधी कुठे राहायला गेलाय ते शोधा, ट्रामचा पास आहे का बघा.

मुलींचं वेगळं बघावं लागतं. बारा-तेरा वर्षांनंतर काही घरांत धाकट्या भावंडांना सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर येते, मग त्या यायच्या बंद होतात. उपाय सोपा आहे, भावंडांना घेऊन ये म्हणायचं आणि एक स्वयंसेवक फक्त त्या छोट्यांसोबत बसवायचा. बाई ट्रेनर असेल तर आयांचा होकार लवकर मिळतो. मराठी मुलींनो, तुमची इथे खरंच गरज आहे.

आणि शिव्यांची तयारी ठेवा. मॅचमध्ये कडेला उभे असलेले मोठे लोक मुलांना वंशावरून ओरडतात, हे होतं. देचीन गावात एफसी रोमा नावाचा क्लब होता, त्यांच्यासोबत खेळायलाच काही टीम्सनी नकार दिला होता. म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधी क्लबच्या ट्रेनरशी बसून ठरवा, की असं झालं तर रेफरीला कोण सांगणार, मॅच कुठल्या क्षणी थांबवायची, लेखी तक्रार कोण करणार. मुलाला "लक्ष देऊ नकोस" एवढंच सांगणं पुरत नाही, त्याला कळलं पाहिजे की मोठी माणसं त्याच्या बाजूने काहीतरी करतायत.

बॉक्सिंगला पण खूप मुलं येतात. त्यांना योहान ट्रोलमनची गोष्ट नक्की सांगा. जर्मनीतला सिंती (म्हणजे तिथल्या रोमा समाजातला) बॉक्सर, जून १९३३ मध्ये लाइट हेवीवेटचा चॅम्पियन झाला, नाझींनी काही दिवसांत टायटल काढून घेतलं, पुढच्या मॅचला तो केस सोनेरी रंगवून आणि अंगाला पीठ फासून रिंगमध्ये उतरला. १९४४ मध्ये नाझी कॅम्पमध्ये मारला गेला. जर्मन बॉक्सिंग फेडरेशनने २००३ मध्ये त्याचं टायटल परत केलं. मी जिममध्ये ही गोष्ट सांगितली की एरवी एक मिनिट शांत न बसणारी मुलं पूर्ण ऐकतात आणि मग प्रश्न विचारत सुटतात.

कबड्डी शिकवू का, असं खूप जण विचारतात. शिकवा, गरम व्हायला मस्त खेळ आहे, काही सामान लागत नाही. पण मुलांनी मागितली तर परत खेळा, नाहीतर फुटबॉलवर या.

७. कला: स्टेजच्या आधीचं काम

पहिला सापळा असा, की रोमा म्हणजे रक्तातच संगीत असं धरून चालायचं. काहींच्या घरात खरंच व्हायोलिन, झिंबालोम (संतूरसारखं वाद्य), कीबोर्ड पिढ्यानपिढ्या आहे, काहींच्या नाही, आणि एखाद्या मुलीला फक्त चित्रं काढायची असतात किंवा व्हिडिओ एडिटिंग शिकायचं असतं. विचारा.

दुसरा सापळा, वर्षातून एकदा रंगीत घागरे घालून कार्यक्रम, नगरपालिकेचे पाहुणे, टाळ्या, आणि मग पुढच्या वर्षीपर्यंत काही नाही. चांगलं काम कसं दिसतं ते बघायचं असेल तर गायिका इडा केलारोवा यांचं छावोरेंगे हे रोमा मुलांचं कॉयर ऐका. वस्त्यांमधली मुलं चेक फिलहार्मोनिक या मोठ्या ऑर्केस्ट्रासोबत गायलीत, त्याच स्टेजवर, त्याच तालमीच्या शिस्तीने. त्यामागे वर्षानुवर्षांच्या तालमी आहेत. मुलांकडून उत्तम कामाची अपेक्षा ठेवणं हा आदरच आहे, "गरीब बिचारी, जे केलं ते छान" असं म्हणणं नाही.

आपल्यासारख्याने करण्याजोगं म्हणजे, तालमीसाठी गरम आणि शांत खोली मिळवणं (वसतिगृहाच्या एका खोलीत सहा माणसांत प्रॅक्टिस कशी करणार), साधा माइक आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंग शिकवणं, संगीत शाळेच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला मदत करणं. आयटीवाल्यांनो, साउंड एडिटिंग, बीट बनवणं, पोस्टर डिझाइन, हे तुम्ही शिकवू शकता आणि मोठी मुलं यासाठी धावत येतात. गाणं, व्हिडिओ, चित्र जे तयार होईल त्यावर नाव मुलांचं, आणि कुठे टाकायचं की नाही हेही त्यांनीच ठरवायचं.

तारखा लक्षात ठेवा. ८ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय रोमा दिवस, १९७१ मध्ये लंडनजवळ झालेल्या पहिल्या जागतिक रोमानी काँग्रेसवरून. त्यांच्या झेंड्यावर निळ्या-हिरव्यावर लाल चक्र असतं. २ ऑगस्ट हा स्मृतिदिन, १९४४ मध्ये त्या रात्री आउशवित्झ-बिर्केनाउ या नाझी कॅम्पमधल्या रोमा विभागातल्या चार हजारांहून जास्त लोकांना मारलं. त्या आठवड्यात पार्टी, टूर्नामेंट असलं काही ठेवू नका, कुटुंबांना विचारून घ्या.

८. "तुम्ही तर आमचेच" हे जपून

रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, आणि रोमानीत येक, दुई, त्रिन, पानी, कान, काळो असले शब्द ऐकले की आपल्याला भरून येतं. मुलांनाही मजा वाटते, आकडे मोजायचा खेळ एकदम छान होतो. म्हाताऱ्या आजीआजोबांशी तर यावरून तासभर गप्पा होतात, बॉलिवूडची गाणी निघतात.

पण ब्रनोत जन्मलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला "तुझा खरा देश भारत" असं सांगू नका. त्याला रस्त्यावर "भारतात परत जा" असं ओरडणारे लोक भेटलेले असतात. तो चेक नागरिक आहे, त्याचे आजोबा इथल्या कारखान्यात राबलेत. त्याने स्वतः विषय काढला तर बोला, नाहीतर राहू द्या.

९. फोटो, पैसे, भेटवस्तू

फोटो आईवडिलांच्या लेखी परवानगीशिवाय नाही, आणि तुमच्या वैयक्तिक इन्स्टाग्रामवर तर मुळीच नाही, परवानगी असली तरी. मुलांना वैयक्तिक पैसे देऊ नका, उसने पण नको. दिवाळीला फराळ घेऊन जा, सगळ्यांसाठी, चकली हमखास संपते. घरी बोलावलं तर जा, कॉफी नाकारू नका. पण एकट्या मुलाला स्वतःच्या घरी किंवा गाडीत नेऊ नका, हा नियम संस्थेच्या करारात असतोच.

मुलाने मारहाणीबद्दल किंवा घरातल्या कशाबद्दल काही सांगितलं तर स्वतः तपास करायचा नाही, त्याच दिवशी वर्करला सांगायचं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला देऊ नका.

१०. छोटा प्रोजेक्ट करायचा असेल तर

वर्षभर टिकलात आणि मुलांनीच काही मागितलं, समजा एक स्टुडिओ किंवा समर लीग, तर युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर या ईयूच्या तरुणांसाठीच्या अनुदान योजनेत सॉलिडॅरिटी प्रोजेक्ट नावाचा प्रकार आहे. एकाच देशात कायदेशीर राहणारे १८ ते ३० वयाचे किमान पाच तरुण मिळून अर्ज करतात, कालावधी २ ते १२ महिने. चेकियात हे डीझेडएस नावाची सरकारी संस्था बघते, अर्जाच्या मुदती ठरलेल्या असतात, त्यांच्या साइटवर आधी बघा. पाच जणांत वस्तीतले तरुण हवेतच, आणि बजेट त्यांच्यासमोर बसून बनवा. अर्ज लिहायचं काम तुम्ही करा, कारण ते कंटाळवाणं आहे आणि तुम्हाला इंग्रजी येतं. काय करायचं हे मात्र त्यांनी सांगायचं.

११. शहर सोडून जाणार असाल तर

आपल्यापैकी बरेच जण दोन-चार वर्षांत जर्मनीला नाहीतर परत पुण्याला जातात. नोटीस पिरियड सुरू झाला की ऑफिसनंतर पहिलं इथे सांगा. मुलांना निदान दोन महिने आधी कळू द्या, शेवटच्या शनिवारी केक आणून एकदम नको. तुमच्या जागी कोण येणार ते ठरवा, जमलं तर त्याच वस्तीतला मोठा मुलगा किंवा मुलगी, आणि काही आठवडे दोघं मिळून सेशन घ्या. हॉलची किल्ली, बुटांची पेटी, क्लबच्या ट्रेनरचा नंबर, फीचे हप्ते कुणाचे कुठपर्यंत भरलेत त्याची वही, हे सगळं हातात द्या आणि कोऑर्डिनेटरला लेखी कळवा.